वारा नसलेली खोली

"डोळे कशाला मिटताय? टोचायचं मला आहे," मालन म्हणाली.

मी डोळे उघडले. तिचं बोट माझ्या डाव्या हातात होतं आणि उजव्या हातात पुण्याच्या हॉस्पिटलनं दिलेली टोचणी. पेनाच्या टोपणाएवढी प्लॅस्टिकची वस्तू. दाबली की आतली सुई पटकन बाहेर येते आणि परत आत जाते. मी जन्मभर बारीक कामं केलेला माणूस. तिळाएवढा खडा कोंदणात बसवताना माझा हात कधी हलला नाही. त्या सकाळी मात्र ती टोचणी माझ्यानं दाबवेना.

"दाबा की. का मी दाबू?"

मी दाबलं. तिनं हूं की चूं केलं नाही. बोटावर रक्ताचा थेंब आला, तसं तिनंच बोट उलटं करून समोरच्या कार्डावर टेकवलं. जाड पांढरं कार्ड, त्यावर छापलेले चार गोल. एकेका गोलात एकेक थेंब. शेवटच्या गोलाला बोट जरा पिळावं लागलं.

"झालं. आता हे वाळवायचं," ती म्हणाली. नर्सनं सांगितलेलं तिला पाठ होतं. "दुपारपर्यंत उघडं ठेवायचं. ऊन नको, पंखा नको, वारा नको. वर काही झाकायचं नाही, रक्ताला हात लावायचा नाही. मग पाकिटात घालून कुरिअर."

प्रश्न होता ठेवायचं कुठं. आमचं घर कोल्हापुरात गुजरीच्या मागच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत दिवसभर भणाणा वारा. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर. देवघरात उदबत्तीची राख. मी कार्ड दोन बोटांत धरून घरभर फिरलो.

"काय देव बसवायला जागा बघताय व्हय?" मालन म्हणाली. "तुमच्या खोलीत ठेवा. तिथं मुंगीसुद्धा दबकून चालते."

मला ते एकदम पटलं. माझी खोली म्हणजे माझी काम करायची खोली. सोनाराच्या खोलीला पंखा नसतो. असला तरी कामाच्या वेळी कुणी लावत नाही, कारण कानशीचा कीस उडून जातो आणि बत्तीची ज्योत हलते. मे महिन्यातही मी तिथं बनियनवर घामानं निथळत बसत असे. खिडकी तर वर्षानुवर्षं उघडलेली नव्हती. दारात तरट, त्यावर पाय झाडल्याशिवाय बाहेर यायचं नाही. कोपऱ्यात पितळेचं तसराळं. काम संपलं की हात त्यातच धुवायचे आणि ते पाणी टाकायचं नाही. तळाला जो गाळ बसतो त्यात सोनं असतं. झारेकरी यायचा, गाळ आणि खोलीतला केर घेऊन जायचा आणि त्यातून सोनं काढून आणून द्यायचा. माझ्या वडिलांनी मला कामाच्या पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही, एवढंच शिकवलं. बाहेरच्या मोरीत हात धुवायचे नाहीत.

मेजाच्या मधल्या खणात मी ते कार्ड ठेवलं. तो खण मी इतरांपेक्षा जपायचो. त्यात सोन्याचा कणसुद्धा जाऊ द्यायचो नाही. घरातली सगळ्यात स्वच्छ जागा विचारली असती तर मी तीच सांगितली असती.

मग मी शेजारी बसून कामाला लागलो. लग्नसराई होती, दुकानांनी अंगठ्या पाठवून ठेवल्या होत्या. मधूनमधून खणात डोकावून बघायचो. लाल थेंब हळूहळू तपकिरी झाले.

दुपारी मालननं कार्ड पाकिटात घातलं आणि वर बोट टेकवून नमस्कार केला.

"त्याला कशाला नमस्कार?" मी विचारलं.

"माझंच रक्त आहे. एवढ्या लांब एकटं चाललंय."

या सगळ्याचं कारण थोडक्यात सांगतो. मालनला ओव्हरीचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन पुण्यात झालं, ते चांगलं झालं. पुढं तीन-तीन आठवड्यांनी इंजेक्शनं घ्यायची होती. डॉक्टर खासनीस म्हणून होते, शांत माणूस, हळू बोलायचे. त्यांनी सांगितलं की या औषधात प्लॅटिनम असतं. मी त्यांना ते परत म्हणायला लावलं. प्लॅटिनम?

हॉस्पिटलच्या बाहेर पडल्यावर मालन रिक्षात बसेपर्यंत थांबली आणि मग हसत सुटली. "जन्मभर लोकांच्या बायकांच्या बोटांत घालत बसलासा. मला एक वळं कधी केलं न्हाई. बघा, देवानं कसं बघितलं. आता सुईनं घालून घेते."

तिचं म्हणणं खरं होतं. मी तरुणपणी मुंबईत प्लॅटिनमचं काम शिकून आलो होतो. कोल्हापुरात तेव्हा ते करणारे फार थोडे होते. दुकानं जोडीच्या अंगठ्या मुंबईहून आणायची, आणि बोटाला बसल्या नाहीत की लहानमोठ्या करायला, घासायला, चकाकी द्यायला माझ्याकडे पाठवायची.

पण एक अडचण होती. हे औषध किडनीवाटे बाहेर जातं आणि मालनला एकच किडनी होती. दुसरी तिनं आपल्या धाकट्या भावाला, अंकुशला दिली होती.

अंकुशचं इस्लामपूरला घड्याळ दुरुस्तीचं दुकान. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मालन मला विचारायला आली नाही, सांगायला आली. "मी देणार आहे," म्हणाली. मी हो म्हटलं नाही. नको असंही म्हटलं नाही. जेवायला वाढ म्हणालो. आम्हाला मूलबाळ नव्हतं. अंकुशला तिनंच खेळवलं होतं, त्याला मुलगा म्हणावं की भाऊ, ते तिचं तिलाच ठाऊक. किडनी दिली, तो बरा झाला, दुकान परत उघडलं. कॅन्सर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला.

डॉक्टर खासनीस म्हणाले होते, "दुसरी औषधं आहेत, पण याच्याइतकी चालत नाहीत. मला हेच द्यायचंय. फक्त प्रत्येक डोसच्या आधी रक्तातलं प्लॅटिनम मोजायचं. मागच्या डोसचं बहुतेक निघून गेलेलं दिसलं की पुढचा द्यायचा. साठत चाललेलं दिसलं तर थांबायचं, नाहीतर आहे ती किडनीही जाईल." मोजायचं मशीन त्यांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. आम्ही कोल्हापूरचे, म्हणून ते कार्ड. घरी टोचून पाठवायचं, म्हणजे आम्ही पोचेपर्यंत आकडा तयार.

पहिला डोस झाला होता. उलट्या झाल्या, केस गेले, पण ती उभी राहिली. हे दुसऱ्या डोसच्या आधीचं कार्ड होतं.

आम्ही पुण्याला पोचलो तेव्हा डॉक्टरांच्या समोर आकडा होता. त्यांनी तो दोनदा वाचला.

"पाणी पिता ना भरपूर?" त्यांनी मालनला विचारलं.

"विहीर आटली असती एवढं पिते."

"प्लॅटिनम फार आहे. ठरवलेल्या रेषेच्या बरंच वर. किडनीच्या बाकीच्या तपासण्या बऱ्या आहेत, पण हा आकडा असा असताना मी डोस देणार नाही. घरी जा. एक आठवडा थांबू. परत कार्ड पाठवा, मग बघू."

येताना मालन घोट घोट पाणी पीत होती. कराड गेलं तेव्हा म्हणाली, "अंकुशला सांगू नका."

मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं. का सांगितलं ते मला तेव्हाही माहीत होतं.

अंकुश पहिल्या एसटीनं आला. दारातच चपला काढून उभा राहिला, आत येईना. "आक्का," एवढंच म्हणाला.

"ये की आत. आणि तोंड असं करू नकोस. मी अजून हाय," मालन म्हणाली. "मंडईतनं काकड्या आण जा. पाणी पिऊन पिऊन कंटाळा आला, तेवढंच चावायला होईल."

तो आठवडाभर येत-जात राहिला. कधी शहाळी आणायचा, कधी कलिंगड. मी त्याच्याशी कामापुरतं बोलायचो. तो बाहेरच्या खोलीत बसला की मी माझ्या खोलीत जायचो आणि दार लावून घ्यायचो. काम मात्र त्या आठवड्यात मी पुष्कळ केलं. हात चालू असला की डोकं थांबतं. एकामागून एक अंगठ्या कापल्या, जोडल्या, घासल्या, चाकावर धरून चकाकी दिली.

पुन्हा बोट टोचलं. पुन्हा कार्ड त्याच खणात वाळलं. यावेळी मी डोळे मिटले नाहीत.

पुण्याला अंकुशनं गाडी ठरवली होती. आक्काला एसटीचे धक्के नकोत म्हणाला. तो पुढं बसला, आम्ही मागं. वाटेत त्यानं एकदा विचारलं, "दाजी, चहाला थांबूया?" मी म्हटलं, "नको." तेवढंच बोलणं झालं.

डॉक्टर खासनीसांनी यावेळी खुर्ची पुढं ओढली. त्यावरूनच मला कळलं.

"मालनताई, आकडा खाली यायला हवा होता. मध्ये आपण काही दिलेलं नाही. तरी तो वाढलाय. जवळजवळ दुप्पट झालाय."

"न देता वाढला?" मी विचारलं.

"शरीरात कुठंतरी साठून राहिलं असेल आणि आता रक्तात येत असेल. मी असं आधी पाहिलेलं नाही. पण एक किडनी असताना मला हे औषध चालू ठेवता येणार नाही. दुसऱ्या औषधावर जाऊ."

"ते जे चालत नाही ते?" मालननं विचारलं.

"कमी चालतं."

"किती कमी?"

डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले, "बरंच कमी. तुमच्यापासून लपवणार नाही."

मालननं पदर नीट केला. "बरं," म्हणाली. मग नर्स तिला वजन करायला घेऊन गेली. मी बाहेर आलो.

बाहेर लांबलचक व्हरांडा होता. भिंतीला लागून निळ्या खुर्च्या. अंकुश एका खुर्चीच्या कडेला बसला होता, हातात पाण्याची बाटली. माझं तोंड बघून तो उठला.

मी त्याला सगळं सांगितलं. औषध बंद. दुसरं कमी चालतं. बरंच कमी.

तो परत बसला. बाटलीचं झाकण उघडायला लागला, लावायला लागला, परत उघडायला लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दाजी, हे माझ्यामुळं झालं का?"

किडनी दिली तेव्हापासून माझ्या मनात जे होतं, ते त्या आठवड्यात जिभेवर आलं होतं. आज तिला दोन असत्या तर. त्यानं मला वेगळं काही विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्यानं नेमकं तेच विचारलं. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

"मालन वेदपाठक यांच्याबरोबर कोण आहे?"

पांढरा कोट घातलेली एक बाई व्हरांड्याच्या टोकाकडून जवळजवळ पळत आली होती. तिशीची असेल. डोक्याला ओढणी, पायात कॅन्व्हासचे बूट. हातात आमचं कार्ड होतं, ते मी लांबूनच ओळखलं.

"मी. मी त्यांचा नवरा. केशव वेदपाठक."

"मी शाहीन मुल्ला. वर लॅबमध्ये मशीन बघते. काका, हे कार्ड तुम्ही कुठं वाळवलं?"

"घरी."

"घरी कुठं?"

"खोलीत. वारा नव्हता तिथं. पंखा नाही, ऊन नाही. तुम्ही सांगितलं तसंच."

"तसंच केलंय, चूक काढत नाही मी." तिनं कार्ड माझ्यासमोर धरलं. त्याला ठिकठिकाणी बारीक गोल भोकं पाडलेली होती. "हे बघा. चारही थेंब एकाच बोटाचे, एकाच वेळचे. चारींचा आकडा सारखा यायला हवा. पहिल्या वेळी आम्ही एकच थेंब तपासला होता. यावेळी मध्ये डोस नसताना वाढलेला बघून मी चारही तपासले. चारही वेगवेगळे. एकात एवढं, एकात त्याच्या तिप्पट. म्हणून आज मी इथं भोक पाडलं." तिनं दोन थेंबांच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं रक्त नाही. नुसता कागद आहे. यात काहीच सापडायला नको."

"आणि?" अंकुश उठून उभा राहिला होता.

"कागदात प्लॅटिनम आहे. रक्तात असतं तर रक्तात सापडलं असतं. कागदात बाहेरूनच यायला हवं." मग तिनं मला विचारलं, "काका, तुम्ही काय काम करता?"

"सोनारकाम."

"सोन्याचं?"

मला माझा मधला खण दिसायला लागला. सोन्याचा कण त्यात मी का जाऊ देत नव्हतो? कारण प्लॅटिनमला सोन्याचा कण लागला आणि आच दिली की डाग पडतो. त्याच्या कानशी वेगळ्या, चिमटे वेगळे, चकाकीची चाकं वेगळी. ती सगळी हत्यारं त्या खणात होती आणि दुसरं काही नव्हतं. जन्मभर मी सोन्याला त्या खणातून बाहेर ठेवलं होतं. प्लॅटिनमला बाहेर ठेवायचं कुणी सांगितलंच नव्हतं.

"प्लॅटिनमचं," मी म्हणालो. "त्याच मेजावर. त्याच खणात."

शाहीनबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. मग त्या हसल्या. तोंडावर हात ठेवून हसल्या. "अल्ला," म्हणाल्या. "मी तीन दिवस मशीन खोलून बसलेय. मला वाटलं मशीन बिघडलं."

तेवढ्यात मालन नर्सबरोबर आली. तिनं आधी अंकुशकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हसणाऱ्या बाईकडे.

"काय झालं? कोण गेलं का कोण आलं?"

अंकुशनं तिला सांगितलं. ऐकता ऐकता तिनं भिंतीला हात टेकवला.

"म्हणजे माझ्या अंगात नाही?"

"ते आत्ता बघू," शाहीनबाई म्हणाल्या. "पण यावेळी बोटाचं नको. तुमच्या घरात राहून तुमच्याही बोटांवर बसलेलं असणार. दंडातलं घेऊ. आणि काका, तुम्ही लांब उभे राहा. हात लावू नका कशाला."

त्या आम्हाला वर घेऊन गेल्या. लॅबच्या दाराशीच चिकट पट्ट्यांची चटई होती, पाय ठेवला की बुटांची धूळ तिला चिकटायची. मी ती बघून थांबलो. माझ्या दारातलं तरट आठवलं. ते कण बाहेर जाऊ नयेत म्हणून होतं, ही चटई कण आत येऊ नयेत म्हणून. मला आत सोडलं नाहीच. मी काचेतून बघत होतो. तिचा दंड साबणानं धुतला, मग आणखी कशानं पुसला, मग सुई लावली.

मग शाहीनबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात ओला कापसाचा बोळा होता. "हात पुढं करा काका. माझी हौस म्हणून." माझ्या तळहातावरून आणि नखांच्या कडेनं तो फिरवून त्या आत गेल्या.

आम्ही तिघं खाली त्या निळ्या खुर्च्यांवर बसलो. मालन मधे. अंकुशनं कॅन्टीनमधून उपमा आणला, कुणी खाल्ला नाही. मालन मधूनच हसायची, मधूनच गप्प व्हायची. एकदा म्हणाली, "तुमच्या खोलीत ठेवा असं मीच म्हणाले होते. माझंच डोकं." थोड्या वेळानं म्हणाली, "अजून आकडा आला नाही. एवढ्यात हसू नये."

दुपार कलली तेव्हा शाहीनबाई जिन्यावरून उतरताना दिसल्या. डॉक्टर खासनीस त्यांच्याबरोबर होते. त्या पळत नव्हत्या. मला धडकी भरली.

डॉक्टर मालनसमोर येऊन उभे राहिले. "मालनताई, रेषेच्या खाली आहे. चांगलंच खाली. तुमची एक किडनी दोन्हींचं काम करतेय. उद्या सकाळी डोस देतो."

मालननं पदर डोक्यावर घेतला. मग तिनं दोन्ही हात जोडले, पण डॉक्टरांना नव्हे. शाहीनबाईंना.

"मला नका ताई. कागदाला करा," शाहीनबाई म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "आणि तुमच्या मिस्टरांच्या हातांचं सांगायचं राहिलं. आकडा कुठं गेला असेल? पार वर. मोजताच येईना. मला तो नमुना पाण्यात पुन्हा पुन्हा पातळ करायला लागला."

"बघा," मालन अंकुशला म्हणाली. "मला न घालता सगळं स्वतःच घालून बसलेत."

अंकुश इतका हसला की त्याला ठसका लागला. मालननं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, लहान मुलाला मारतात तशा. मी उठून व्हरांड्याच्या टोकाला गेलो. तिथं कुंडीत कसलंतरी झाड होतं. त्याची वाळकी पानं मी खुडत राहिलो. आकड्यामुळं उठून आलो होतो हे खरं, पण त्या तोंडातच राहिलेल्या 'हो'मुळंही.

दुसऱ्या दिवशी डोस झाला. संध्याकाळी आम्ही निघालो. अंकुश पुढं ड्रायव्हरशेजारी मान टाकून झोपला होता. मालनला मळमळत होतं, ती खिडकीशी डोकं टेकून बसली होती. मला वाटलं तिलाही झोप लागली.

"अहो," ती हळूच म्हणाली. "मी वजन करत होते तेव्हा दारातनं बघितलं. तुम्ही अंकुशला कायतरी सांगणार होतासा."

"कधी?"

"त्या बाई यायच्या आधी. तोंड उघडलं होतं तुम्ही."

पुढच्या सीटवर अंकुशचं डोकं गाडीबरोबर हलत होतं. "चहा घेणार का विचारत होतो," मी म्हणालो.

बाहेरच्या दिव्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून जात-येत होता. मग तिनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, तोच हात, ज्याचा आकडा पार वर गेला होता.

"बरं झालं विचारलं नाही," ती म्हणाली. "त्याला हॉस्पिटलचा चहा आवडत नाही."

पुढची सगळी कार्डं अंकुशनं टोचली. शाहीनबाईंनी मला हात लावायची बंदीच केली होती. तो इस्लामपूरहून यायचा, कोपरापर्यंत हात धुवायचा आणि डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून बोट टोचायचा. भिंगाची काही गरज नव्हती. मालनला हसवायला लावायचा. कार्ड मग शेजारच्या हळदीकर वहिनींच्या रिकाम्या कपाटात वाळायचं. मी आपला माझ्या खोलीत, दार लावून. डोस सगळे झाले. शेवटच्या वेळी शाहीनबाईंनी सांगितलं की यातलं थोडं अंगात वर्षानुवर्षं राहतं, अगदी थोडं, पण त्यांच्या मशीनला दिसेल एवढं. त्याचा काही त्रास नाही. मालन म्हणाली, "राहू दे. दागिना आहे तो माझा."

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. केस परत आले, पांढरे आले. हळदीकर वहिनींबरोबर जोतिबाला जाऊन आली. अंकुशच्या मुलीचं लग्न तिनं उभं राहून केलं. त्या लग्नात मी तिला प्लॅटिनमचं वळं करून दिलं. ती म्हणाली, "आता कशाला, माझ्याकडे आहे," आणि घातलं. गेल्या माघात एका दुपारी जेवून आडवी झाली आणि उठली नाही. हृदय थांबलं असं डॉक्टरांनी सांगितलं. कॅन्सरचा त्यात काही संबंध नव्हता.

रक्षाविसर्जनाला मी आणि अंकुश पंचगंगेच्या घाटावर गेलो. बाकीची माणसं वर पायऱ्यांवर थांबली होती. मी रक्षा पाण्यात सोडली. मडकं रिकामं झालं. माझे दोन्ही हात करडे झाले होते आणि मी ते मडक्यावरच धरून उभा राहिलो, खाली काही सांडू नये असे. जन्माची सवय. मला आठवलं की प्लॅटिनम जळत नाही. एवढ्याशा आचेत त्याला काही होत नाही.

"दाजी, हात धुवा की," अंकुश म्हणाला.

"थांब जरा."

तो थांबला. पाण्यात त्याच्या पोटऱ्या बुडाल्या होत्या. साठीला आलेला माणूस, पण तब्येत चांगली. जरा वेळानं म्हणाला, "दाजी, पुण्यात मी तुम्हाला एक विचारलं होतं. त्या दिवशी. तुम्ही उत्तर दिलं नव्हतं."

"काय विचारलं होतंस?"

"माझ्यामुळं झालं का, असं."

मी त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तो प्रश्न घेऊन फिरत होता आणि मी उत्तर.

"नाही रे," मी म्हणालो. "खोलीत वारा नव्हता."

तो हसला आणि रडला, दोन्ही. मी खाली वाकलो आणि वाहत्या पाण्यात हात धुतले.